कॅरिगवरचं पाऊल

"जो शेवटी पोचेल त्यानं शिळा घासायची!" असं ओरडून लोर्कन पळत सुटलासुद्धा.

"ए लबाडा! बादली माझ्या हातात आहे!" एथना मागून किंचाळली.

"आणि ब्रश माझ्या!" टायगनं तिच्याहून मोठ्यानं बोंब ठोकली. टायग एथनाचा धाकटा भाऊ. वय वर्षं आठ, आवाज मात्र अठरा वर्षांचा.

तिघं कॅरिग टेकडीवर चढत होती. आधी कमरेएवढे नेचे, मग नुसता काळा खडक. लोर्कन इथलाच, आजोबांच्या शेजारच्या घरातला, त्यामुळे कुठल्या खाचेत पाय ठेवायचा ते त्याला तोंडपाठ. एथना आणि टायग डब्लिनची. शाळेला सुट्टी लागली की आई दोघांना बसमध्ये बसवून द्यायची आणि दोन महिने ती ड्रमकीलला मॅलकी आजोबांकडे असायची. बसमधून उतरल्यावर चुलीत जळणाऱ्या टर्फच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या, धुराचा वास नाकात शिरला की एथनाला वाटायचं, आता खरं आपण घरी आलो. तो वास पुढे कितीतरी वर्षं तिच्या आठवणीत राहिला.

या सुट्टीत आजोबांची नुसती धांदल उडाली होती. त्यांचा थोरला भाऊ कोनल शनिवारी शिकागोहून येत होता. एकदोन नाही, तब्बल बावन्न वर्षांनी! आजोबांनी फाटक रंगवलं, भिंतींना चुना दिला, एक नवा कपसुद्धा विकत आणला. आणि आज, गुरुवारी, मुलांना हुकूम सोडला, "वर जाऊन शिळा घासून या. शेवाळ राहता कामा नये."

"वर पोचल्यावर मी राजा होणार!" टायग धापा टाकत म्हणाला. "मी बूट काढून पाऊल ठेवणार, तुम्ही माझ्या हातात पांढरी काठी द्यायची!"

"राजा म्हणे! अरे, इथे पाऊल ठेवायला मॅककर्नान कुळातलं असावं लागायचं," लोर्कन म्हणाला. "सगळं कुळ खाली उभं. नवा नायक शिळेवर. त्यानं तीनदा फिरून आपला सगळा मुलूख बघायचा, मगच तो नायक! तुझ्यासारखा शेंबडा नाही चालायचा."

"गेली चारशे वर्षं नायकच नाहीये. मग शेंबडा तर शेंबडा!"

हसत, एकमेकांना ढकलत तिघं माथ्यावर आली आणि जागच्या जागी थबकली.

शिळा नव्हती!

"आपण चुकीच्या टेकडीवर आलो का?" टायगनं विचारलं.

"ड्रमकीलमध्ये टेकडी एकच आहे, शहाण्या," लोर्कन म्हणाला, पण त्याचाही आवाज बसला होता.

खडकांच्या मधोमध जिथे टेबलाएवढी सपाट शिळा असायची, तिथे आता पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन उरला होता. त्यात पांढरी मुळं आणि दोन गांडुळं. ज्या शिळेवर उजव्या पावलाचा खोलगट ठसा होता, ज्यात गेल्या वर्षी पावसाचं पाणी साचल्यावर टायगनं कागदाची होडी सोडली होती, ती शिळा कुणीतरी उचलून नेली होती!

"आजोबांना सांगायला हवं," टायग रडवेला झाला.

"खबरदार!" एथना म्हणाली. "आधी आपण शोधू. आजोबांना एक अक्षर सांगायचं नाही."

रात्रीच्या जेवणाला बटाटे आणि कोबी होता. आजोबांनी बटाट्यावर लोणी घालता घालता विचारलं, "काय रे, घासली का शिळा?"

टायगनं तोंड उघडलं. एथनानं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"लख्ख घासली, आजोबा!"

आजोबांशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती.

आजोबांनी सुरी खाली ठेवली. खिशातून कोनलचं पत्र काढून पुन्हा घडी उलगडली. "बघ, काय लिहितो. 'मॅलकी, शिळा आहे ना अजून? मला एकदा पाऊल ठेवायचंय.'" मग त्यांनी पत्र पुन्हा खिशात ठेवलं. "पोरांनो, तुम्हाला एक सांगतो. तुमच्या आजीलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं."

मुलं कान टवकारून बसली.

"आमच्या वेळी गाव सोडून जाणारा प्रत्येक जण शेवटच्या सकाळी कॅरिगवर जायचा. उजवा बूट काढून ठशात पाऊल ठेवायचा, नायकासारखा तीनदा फिरायचा, सगळीकडे डोळे भरून बघायचा. मग म्हणे टेकडी त्याला ओळखते आणि परत बोलावते. कोनल अठराचा होता, मी दहाचा. मी डोकं लढवलं! म्हटलं, पाऊल ठेवता आलं नाही तर तो जाणारच नाही. उजाडायच्या आत मी वर गेलो आणि ठशावरच फतकल मारून बसलो."

"मग?" टायगचे डोळे एवढाले झाले.

"मग काय! कोनल आला, गाठोडं पाठीला. आधी हसला, मग विनवण्या केल्या. खाली रस्त्यावर घोडागाडी उभी, गाडीवाला हाका मारतोय. मी काही हललो नाही. शेवटी तो म्हणाला, 'बरं, मॅलकी.' आणि उतरून गेला. पाऊल न ठेवता." आजोबांनी ताटली बाजूला सारली. "आई गेली, त्याला येता आलं नाही. बाबा गेले, तेव्हाही नाही. बावन्न वर्षं! त्याच्या परतीच्या वाटेवर कोण बसलं होतं? मीच ना! आता या वेळी मी स्वतः त्याचा हात धरून वर नेणार आहे."

त्या रात्री एथनानं उशीत तोंड खुपसून ठरवलं की शनिवारच्या आत शिळा जागेवर हवी, मग काहीही होवो.

शुक्रवारी सकाळी न्याहारी पोटात ढकलून तिघं पुन्हा माथ्यावर गेली.

"इकडे या!" लोर्कन पूर्वेच्या उतारावरून ओरडला. तिथले नेचे एका सरळ पट्ट्यात चेंगरले होते. "वरून घसरत नेलीय! आणि खाली ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा आहेत!"

"आणि हे काय?" टायगनं एक दगड उचलला. दगडावर आकाशी रंगाचे दोन थेंब होते.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्या ड्रमकीलमध्ये आकाशी रंग वापरणारा एकच गट होता. गावाची समिती! त्या उन्हाळ्यात त्यांनी पंप, बाकं, पुलाचे कठडे, सगळं आकाशी करून सोडलं होतं. लोर्कनच्या आजीची कोंबडीसुद्धा अर्धी आकाशी झाली होती, कारण ती वेळेवर बाजूला झाली नाही. नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेत गेल्या वर्षी ड्रमकील शेजारच्या किलब्रॅककडून फक्त दोन गुणांनी हरलं होतं, आणि तो घाव समितीच्या अध्यक्षांच्या वर्मी लागला होता.

अध्यक्ष म्हणजे फिंटन क्वर्क, गावातले दुकानदार. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात काही शिरलं की डोळ्यांना दुसरं काही दिसायचं नाही. मुलं दुकानात शिरली तेव्हा ते शिडीवर चढून डबे पुसत होते.

"मिस्टर क्वर्क, तुम्ही कॅरिगवरून दगड आणले का हो?" एथनानं साळसूदपणे विचारलं.

"आणले की! चांगले तीस! नुसते लोळत पडले होते तिथे. फुलझाडांच्या वाफ्यांना लागतात ना."

"त्यात एक मोठी शिळा होती? पावलाचा ठसा असलेली?"

"अगं पोरी, मी दगडाची लांबी बघतो, रुंदी बघतो. त्याला पाय आहेत का हात आहेत, ते कोण बघत बसणार? आम्ही गेलो तेव्हा सगळ्यावर वीतभर शेवाळ होतं. चला, पळा! परीक्षक कधीही टपकेल. तो न सांगता येतो, माहितीये ना?"

बाहेर आल्यावर लोर्कननं कपाळावर हात मारला. "ठसा शेवाळाखाली होता! त्यांना कळलंच नाही त्यांनी काय उचललं ते!"

"म्हणजे शिळा गावातच आहे," एथना म्हणाली. "चला, एकेक दगड तपासू!"

त्यांनी वाफे तपासले, पंपाचा ओटा तपासला, बसथांब्यामागची भिंत तपासली. चर्चच्या पायऱ्यांवर तर टायग पालथा पडून बघत होता, तेव्हा फादरनी विचारलं, "बाळ, एवढं पाप केलंस काय?" दुपार झाली. पाय मोडून आले. शेवटी तिघं गावाच्या वेशीवर रस्त्याकडेला टेकली. समोर समितीचा नवा कोरा मानाचा दगड उभा होता. पायाशी सिमेंट, मागे मातीचा चढ, त्यावर लाल फुलं. आणि दगडावर टपोऱ्या आकाशी अक्षरांत 'ड्रमकीलमध्ये स्वागत'.

एथना त्याच्याकडे बघतच राहिली. टेबलाएवढा!

"टायग, तुझा हात बारीक आहे. मागे घाल!"

टायगनं दगड आणि माती यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. जीभ बाहेर काढून तो चाचपू लागला. आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"टाच!" तो किंचाळला. "ही टाच आहे! आणि हा अंगठा! ताई, माझ्या होडीची जागा!"

पाच मिनिटांत तिघं पुन्हा दुकानात होती. फिंटन क्वर्कनी सगळं ऐकून घेतलं. क्षणभर ते वरमले, पण क्षणभरच.

"झालं ते झालं. पण आता तो दगड हलणार नाही! सिमेंट घातलंय, वर फुलं लावलीत. परीक्षक येऊन जाऊ दे, सप्टेंबरमध्ये बघू."

"पण कोनल आजोबा उद्या येतायत!" टायग ओरडला.

"मग पाऊल सप्टेंबरमध्ये ठेवू दे की त्याला!"

"त्यांचं सोमवारी परतीचं विमान आहे!" एथनाचा आवाज चढला. "मिस्टर क्वर्क, ते बावन्न वर्षांनी येतायत हो!"

"आणि मी दोन गुणांनी हरलोय!" फिंटन क्वर्कनी गल्ल्यावर मूठ आपटली. बोलणं संपलं.

एथना रागानं लाल होऊन बाहेर आली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लोर्कनला दिसू नये म्हणून ती चौकातल्या पाटीकडे तोंड करून उभी राहिली. आणि पाटी वाचता वाचता तिचे डोळे कोरडे झाले. मग ओठांवर हसू आलं. मग ती पळतच परत दुकानात शिरली.

"मिस्टर क्वर्क, चौकातली नवी पाटी समितीनंच लावली ना?"

"अर्थात! अक्षरं मी स्वतः रंगवलीत."

"छान आहेत. 'मॅककर्नान नायकांची शिळा, अर्धा मैल.' आणि बाणही किती सुंदर! परीक्षक ती वाचणार. बाणामागून टेकडी चढणार. त्यांना दम लागणार, पायमोज्यांत काटे जाणार. आणि वर काय सापडणार?"

"दोन गांडुळं," टायग मागून म्हणाला.

"एक तर आता निघूनही गेलं असेल," लोर्कन म्हणाला.

फिंटन क्वर्कच्या हातातला डबा हळूच खाली आला. तोंडाचा रंग उडाला. "अरे देवा," ते म्हणाले. "किलब्रॅकवाल्यांना कळलं तर मला जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही!" आणि ॲप्रन भिरकावून ते रस्त्यावर, लोहाराच्या दुकानाकडे धावले. "जेर! पहारी काढ! दोर आण! सगळ्यांना बोलाव!"

संध्याकाळी सहाला सगळं गाव कॅरिगच्या पायथ्याशी होतं. उन्हाळ्यात तिथे दहापर्यंत उजेड असतो, म्हणून बरं. ट्रॅक्टर खडकापर्यंत आला आणि थांबला. पुढे माणसं, दोर आणि खाली घालायला गोल ओंडके. शिळा नेताना उतार होता, आता चढ होता!

"ओढा! हैय्या!" जेर लोहार ओरडत होता. फिंटन क्वर्क सगळ्यांना सूचना देत होते, आणि त्यांच्याकडे कुणीही लक्ष देत नव्हतं.

माथा वीस हातांवर आला आणि दोर सुटला. दाणकन शिळा मागे सरकली!

"बाजूला व्हा!" माणसं भेलकांडली. शिळा ओंडक्यावरून खालीच निघाली. लोर्कनच्या शेजारी लाकडाची पाचर पडली होती. त्यानं ती बाजूनं खाली सरकवली आणि अंग मागे फेकलं. कर्रर्र! शिळा तिरकी होऊन थांबली. एथनानं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

"वेडा आहेस का रे? हात गेला असता!"

"गेला नाही ना!" लोर्कन पांढराफटक पडून हसला. जेरनं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पाचरीपेक्षा त्या थापेनंच पडायचा.

अखेर शिळा माथ्यावर आली. 'ड्रमकीलमध्ये स्वागत' खालच्या बाजूला गेलं.

"आता हे गांडुळांना वाचू दे," टायग म्हणाला.

पण नवाच घोळ झाला. अंगठा कुठे आणि टाच कुठे? फिंटन क्वर्क म्हणाले पूर्वेला, जेर म्हणाला पश्चिमेला, फादरना अर्थातच चर्चकडे हवा होता. वाद हमरीतुमरीवर आला.

"टाच रस्त्याकडे," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅलकी आजोबा काठी टेकत वर आले होते.

"टाच रस्त्याकडे, अंगठा तळ्याकडे. मला पक्कं ठाऊक आहे. मी इथे अंगठ्याकडे तोंड करून बसलो होतो, तेव्हा रस्ता माझ्या पाठीशी होता. कोनल जाताना दिसू नये म्हणून मी वळून बघितलं नव्हतं."

कुणी वाद घातला नाही. शिळा तशीच बसवली, आणि पिवळ्या चौकोनात ती अगदी चपखल बसली.

एथना खाली मान घालून आजोबांपुढे गेली. "आजोबा, मी काल खोटं बोलले."

"ठाऊक आहे. टायगच्या पायावर पाय दिलास तेव्हा अख्खं टेबल हललं. पण वर येऊन बघायचा मला धीर होईना गं. भीती वाटली." त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि मग तिला रडू आवरलंच नाही.

शनिवारी दुपारच्या बसमधून कोनल आजोबा उतरले. उंच, वाळकुडे, डोक्यावर अमेरिकन टोपी. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. "म्हातारा झालास, मॅलकी." "तू काय तरुण आहेस?" एवढंच बोलणं झालं.

टेकडी चढायला त्यांना तास लागला. मागे सगळं गाव. वर आल्यावर कोनल आजोबांनी उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पांढरं, सुरकुतलेलं पाऊल ठशात ठेवलं.

"बाप रे, किती गार!" ते लहान मुलासारखे हसले.

मॅलकी आजोबांनी त्यांचा हात धरला आणि ते हळूहळू फिरू लागले. "ते हॅनलींचं घर ना? धूर दिसत नाही," कोनल आजोबा म्हणाले.

"लिव्हरपूलला गेले. कधीच."

"आणि तळ्याकाठी ब्रीज बाईंची शाळा?"

"आता तिथे गोठा आहे. पण बाई अजून आहेत बरं, नव्वदीत. अजून ओरडतात."

तिसरी फेरी संपली. मॅलकी आजोबांनी हात सोडला नाही. "कोनल, त्या दिवशी मी उठलो असतो तर तू आला असतास. आईला भेटला असतास. माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे?" कोनल आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. "हे तू बावन्न वर्षं मनात ठेवलंस? अरे वेड्या! आधी पैसे नव्हते. मग मुलं झाली. मग इतकी वर्षं उलटली की यायची लाज वाटायला लागली. शिळेचा काय संबंध? आम्ही जहाजावर चाळीस पोरं होतो. सगळ्यांना घरच्यांनी सांगितलं होतं, जा, पत्र लिही, पैसे पाठव. 'जाऊ नको' म्हणून अडून बसलेला माझा एकट्याचा भाऊ होता. शिकागोतला पहिला हिवाळा मी त्यावर काढला, मॅलकी. थंडीनं जीव जायची वेळ आली की म्हणायचो, कुणीतरी दगडावर बसलंय माझ्यासाठी."

मॅलकी आजोबा ढसाढसा रडले. फिंटन क्वर्कनी मोठ्यानं नाक शिंकरलं आणि घाईघाईनं भाषण ठोकलं. "या तीन मुलांनी गावाची लाज राखली! आणि माझ्या डोळ्यांवरची झापडं काढली! आजपासून कॅरिगवरचा खडासुद्धा यांना विचारल्याशिवाय हलणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेरनं पुन्हा थाप मारायला हात उचलला, तसा लोर्कन चपळाईनं एथनामागे लपला.

कोनल आजोबांनी मोजा चढवला. "चल मॅलकी, आता तू काढ बूट."

"मी? मी कुठे चाललोय?"

"माझ्याबरोबर, सोमवारी. तिकीट मी आणलंय. महिनाभर ये, माझी नातवंडं बघ, मग ये परत. नेहमी मीच का म्हणून समुद्र ओलांडायचा?"

"छे छे! माझी गाय..."

"गाय आम्ही सांभाळू! आणि या दोघांना माझी आजी सांभाळेल!" लोर्कन ओरडला.

"बटाटे..."

"आम्ही काढू!" एथना आणि टायग एकदमच म्हणाली. टायग तर खाली बसून आजोबांच्या बुटाची नाडी सोडायलाही लागला.

साठी उलटून गेलेले मॅलकी आजोबा, जे आयुष्यात कधी ड्रमकील सोडून गेले नव्हते, त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला, उजवं पाऊल ठशात टेकवलं आणि तळ्याकडे, डोंगराकडे, मग रस्त्याकडे बघत पहिली फेरी घेतली.